अध्यक्षबाईंच्या मार्फत

मार्चमधला पहिला मंगळवार. व्हर्माँटमधल्या आमच्या गावाची वार्षिक सभा, आणि मी उशिरा पोहोचले. बुटांना घोट्यापर्यंत चिखल, आणि सभागृहात एकच खुर्ची रिकामी... तिच्यावर कुणाची तरी लोकरी टोपी. टोपीवाल्याने ती घाईघाईने उचलली आणि उगाचच झटकली. त्याच्या जॅकेटला मेपलच्या उकळत्या रसाचा गोडसर वास येत होता. हा अ‍ॅन्सल. काकांची मेपलची झाडं सांभाळायला शरदात इथे आला, माझ्या घरापासून टेकडीपलीकडे राहतो. आम्ही कधी बोललो नव्हतो. खरं सांगायचं तर बाबा गेल्यापासून मी कुणाशीच धड बोलत नव्हते.

ठराव साधा होता: सभागृहात बंदूक आणायची नाही. पण गाडी लगेच अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या शस्त्रांबद्दलच्या ओळीवर घसरली. शस्त्र बाळगायचा हक्क नेमका कुणाचा?

अ‍ॅन्सल उठला. "त्या ओळीची सुरुवातच लोकसेनेपासून होते. मिळून गाव राखणाऱ्यांचा हक्क आहे तो. एकट्यादुकट्याचा नाही."

एकट्यादुकट्याचा! मला झोंबलंच. मी ताडकन उठले.

"पुढे 'लोकांचा हक्क' असंही लिहिलंय. एकटी बाई तुम्ही लोकांत धरत नाही वाटतं?"

अध्यक्षबाई मिसेस टिलॉटसननी हातोडी आपटली. "मॅरेन, आपसात बोलायचं नाही. काय ते मला सांग." भांडणं होऊ नयेत म्हणून आमच्या सभेचा हा जुना नियम.

झालं! खांद्याला खांदा लागतोय, आणि बोलायचं मात्र समोर बघून.

"अध्यक्षबाई, यांना विचारा, रस्त्याच्या टोकाला माझ्या घरी पोलीस पाऊण तासाने पोहोचतात. तोवर मी काय करायचं? बाबांची बंदूक दाराआड आहे म्हणून मला झोप लागते."

"अध्यक्षबाई, यांना सांगा... शेजाऱ्याला हाक मारायची. लोकसेना म्हणजे आणखी काय?"

"शेजारी अजून नाव सांगायलासुद्धा आलेला नाही म्हणावं!"

सभागृहात हशा पिकला. त्याचे कान लाल झाले.

"मेपलच्या पाकाची बाटली घेऊन दोनदा फाटकापर्यंत आला होता म्हणावं. पण... काय बोलावं सुचेना."

"हे ठरावाला धरून आहे का?" मिसेस टिलॉटसननी चष्म्यावरून विचारलं.

"नाही," म्हणत तो मटकन बसला.

अटीतटीचं झालं की आमच्याकडे मत उभं राहून देतात. ठरावाच्या बाजूचे खिडकीकडे, विरोधातले शेगडीकडे. तो तिकडे गेला, मी इकडे. मधली जमीन केवढी रुंद वाटली! ठराव चार मतांनी पडला. मी जिंकले, आणि इतकं एकटं मला बाबांच्या दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तो दोन ताटल्या घेऊन आला. राजमा, पाव, अ‍ॅपल पाय.

"माझं मत बदललेलं नाही," तो म्हणाला.

"माझंही नाही."

इथून पुढचं थेट एकमेकांशीच बोलायचं होतं. आता मध्ये अध्यक्षबाई नव्हत्या ना!

"सभेत मी खोटं बोलले," माझ्या तोंडून निघून गेलं. "मला झोप लागतच नाही. चोराची भीती नाही हो... घरात कुणी बोलत नाही, त्याची वाटते. तिथे बंदूक काय करणार?"

त्याने ताटल्या खाली ठेवल्या.

"माझ्याही घरात कुणी बोलत नाही," तो हळूच म्हणाला. "आज येऊ? वाद अर्धाच राहिलाय."

"या. पण हरायची तयारी ठेवून."

"ती तर..." त्याने पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शेजारी येऊन बसलात तेव्हाच झाली."