हाकलणीची कॉफी

ढवळत राहा रे पोरांनो, हात थांबवू नका. आलुबुखारांचा हा मुरंबा तळाला लागला तर तुमची मामी भुताबिताला विचारणार नाही, थेट माझ्याच मानगुटीवर बसेल. आणि आम्रा, तो फोन ठेव खिशात. व्हिएन्नाला वर्षभर बघतेसच की त्याच्यात.

गोष्ट हवीय ना? मग ऐका. माझ्या त्या माशाच्या गोष्टीत मी मासा दोन वीत वाढवला होता, कबूल. यातलं मात्र एक अक्षर माझं नाही. ही झियादची गोष्ट आहे. साराजेव्होत त्यानं आणि मी वीस वर्षं एकाच मालकाच्या गाड्या चालवल्या. झियाद खोटं बोलत नाही. त्याला तेवढी कल्पनाशक्तीच नाही.

सहा वर्षं झाली. नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. परदेशी विद्यार्थी येतात ना आपल्याकडे सहा महिने, युद्धानंतर माणसं कशी जगतात ते शिकायला? त्यातलीच एक पोरगी, टेस. अमेरिकेची. मोस्तार झालं, बिहाच झालं, आणि त्या दिवशी झियाद तिला घेऊन ड्रिना नदीच्या वरच्या अंगाला ब्रेझिकला गेला होता. अकरा घरांचं गाव, पण धूर निघतो फक्त चार घरांतून.

तिथं हाजराआजीच्या स्वयंपाकघरात तीन शेजारी जमले. युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात गावात एक ट्रक आला होता. सात पुरुष नेले. सातांतलं कोणीच परत आलं नाही, हाडंसुद्धा नाहीत. तो ट्रक कोण चालवत होता, हे त्या दिवशी त्या तिघांनी पहिल्यांदा तोंडातून काढलं. माणूस जिवंत आहे. खाली दरीत त्याची लाकडाची वखार आहे, आणि वाटेत भेटला की तो हसून हातही करतो.

तिघांची अट एकच. आमची नावं कुठेही येता कामा नयेत.

पोरीनं मान डोलावली. आणि हुशार विद्यार्थिनीसारखी तिघांचीही नावं सुवाच्य अक्षरात वहीत लिहून घेतली.

"अरे देवा," आम्रा म्हणाली.

देवाला अजून वेळ आहे. ढवळ.

खाली उतरताना वळणावरच्या कॅफेत दोघं थांबली. मालक नको इतकं बोलला. वर कोणाकडे गेला होतात, पोरगी काय लिहिते, परत कधी येणार. झियादला ते खटकलंच, कारण मालक वखारवाल्याचा भाचा. पुढे अर्ध्या तासानं टेसनं पिशवी उघडली. वही नाही.

पिशवी दोनदा उलटी केली. मग झियादकडे बघत राहिली.

"गाडीत तुम्हीच होतात," आपल्या भाषेत, अडखळत म्हणाली.

"मी? पोरी, मला वाचायला घरी विजेची बिलं आहेत, ती पुरतात."

हसली नाही ती. खरं सांगायचं तर झियादही तिच्यावर नजर ठेवून होता. हे लिहिलेलं कोणाला दाखवायला नेते कोण जाणे! गाडी वळवली. आधी कॅफे. मालक म्हणाला, इथे काही राहिलं नाही. पण बोलताना डोळे पिशवीवर. हाजराआजी फोन उचलेना. वही वर राहिली असेल तर ठीक. पण ती त्या भाच्याच्या हाती लागली असेल, तर ब्रेझिकच्या तीन म्हाताऱ्यांना यापुढे दाराला कितीही कड्या लावल्या तरी कमीच.

सहाला दहा कमी असताना ते वर पोचले. मिट्ट काळोख. हाजराआजीच्या खिडकीत मात्र उजेड होता, आणि धुराड्यातून धूर.

झियादनं हात उचलला, तोच दार उघडलं.

एक म्हातारा. अंगात नुसता पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नोव्हेंबरात!

"या. वही इथंच आहे."

वही टेबलावर होती. म्हातारा बसला आणि तिच्यावर पंजा ठेवला.

आता मला सांगा, आपल्याकडचा म्हातारा दारात अनोळखी माणूस दिसल्यावर पहिलं काय विचारतो?

"कोणाचा रे तू?" आम्रा म्हणाली.

शाबास. बापाचं, आज्याचं नाव काढून घेतल्याशिवाय तो खुर्चीसुद्धा देत नाही. ह्यानं विचारलंच नाही. तिथंच झियादच्या मनात पाल चुकचुकली. दुपारी हा माणूस इथे नव्हता. मग वही ह्याच्या हातात कशी? वाचली का? वखारवाल्यानं तर बसवला नाही?

"हाजराआजी कुठे आहे, काका?"

"मुलीकडे."

"तुम्ही तिचे कोण?"

म्हाताऱ्यानं कॉफी ओतली.

व्हिएन्नावाल्यांनो, तुम्ही यंत्राचं बटण दाबता, म्हणून सांगतो. आपल्या घरात कॉफी तीनदा येते. पहिली स्वागताची. दुसरी गप्पांची. आणि तिसरी... तिसरी आली की समजायचं, आता उठा, घरच्यांना कामं आहेत. तिला हाकलणीचीच कॉफी म्हणतात. पण दोन तास बसल्यावर!

इथे पहिल्या कपातली वाफ जिरली नव्हती तोवर शेजारी दुसरा कप आला. त्याला हात लागायच्या आत तिसरा.

"किती प्रेमळ आहेत!" टेस कुजबुजली. बिचारी. कोणी धक्के मारून बाहेर काढतंय आणि हिला पाहुणचार वाटतोय.

झियादला मात्र तो अपमान वळ उठावा तसा लागला. आणि मग त्यानं ते केलं, जे आपल्यातलाच माणूस करू शकतो. हाकलतोस काय? मग बघ, बसतोच! पाय पसरले, सिगारेट पेटवली, साखरेचा खडा बुडवून सावकाश चघळत बसला.

"वही द्या. मग उठतो."

"ती तुमचीच आहे. तू आधी ऊठ."

"कॉफी संपवू द्या की, काका. एवढी घाई कसली?"

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. रागानं नाही.

"मीही हेच म्हणालो होतो," तो म्हणाला. "बायको म्हणाली, मागच्या दारानं जंगलात पळ. मी म्हटलं, माझं घर आहे, कॉफी संपवतो."

झियादचा हात कपावरच राहिला.

"मग?"

म्हाताऱ्यानं मान किंचित वळवली... रस्त्याकडे.

खालून इंजिनाची घरघर येत होती. जड गाडीची. पहिल्या गिअरमध्ये, चढ चढणारी.

"तो भाचा..." झियाद पुटपुटला.

घरघर जवळ आली. छतावर उजेडाचा पट्टा उमटला. सरकला. भिंतीवरून खाली आला. टेसच्या चेहऱ्यावर थांबला. बाहेर ट्रकची फळी आदळली. बूट. एक जोडी... मग पुष्कळ.

म्हाताऱ्यानं पंजा उचलला.

"मागच्या दारानं. ऊठ, साल्कोच्या पोरा!"

साल्को म्हणजे झियादचा बाप. ते नाव त्या घरात कोणीही उच्चारलं नव्हतं.

झियादनं एका हातानं वही घेतली, दुसऱ्यानं पोरीचं मनगट. मागचं दार. भिंतीलगत. गाडी. किल्ली. उतार.

रस्ता तो एकच. ट्रक वाटेत उभा असायलाच हवा होता. नव्हता. चाकांच्या खुणा नाहीत. नुसता डिझेलचा वास. वळणावर टेसनं मागे पाहिलं... खिडकी काळी. धूर नाही.

दोघं एकदम थांबली ती तालुक्याच्या पेट्रोल पंपावर, दिव्याखाली. तिथे फोन वाजला. हाजराआजी.

"अरे झियाद, इतके फोन? मी दुपारीच मुलीकडे आले. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात."

"आजी, घरात एक माणूस होता. पांढरा शर्ट. बाह्या वर."



"उन्हाळा होता रे," ती म्हणाली. "शर्टावरच नेलं त्याला. माझ्या रामोला."

तेवढ्यात टेसनं वही उघडली. बघत राहिली. मग झियादपुढे धरली.

दुपारचं सगळं होतं. तिच्याच अक्षरात. ट्रकचा रंग, वार, वखारवाल्याचं नाव. सगळं जिथल्या तिथे. फक्त ज्या जागी त्या तिघांची नावं होती, तिथे नावं नव्हती. खोडलेली नाहीत. फाडलेली नाहीत. कागद गुळगुळीत, जणू तिथे कधी काही लिहिलंच नव्हतं.

त्या जागी दुसऱ्याच हाताची एक ओळ होती. जुन्या शाळेतलं तिरपं अक्षर.

"हे सगळं मी सांगितलं. रामो, इब्रोचा मुलगा, ब्रेझिक."

झियादनं ओळीवरून बोट फिरवलं.

शाई ओली होती.