दुधकांडीचा कौल

शाद्वल ग्रहाला नावं ठेवावीत असं काही नव्हतं. हवा थेट फुप्फुसात घेता येत होती, पाणी गोड होतं, आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा किंचित कमी असल्यामुळे साठी उलटलेले दलप्रमुख डॉ. हळबेसुद्धा जिना चढताना एकेक पायरी गाळत. शिवाय तिथे दुधकांडी होती. कमरेएवढी वाढणारी, बोटभर जाडीची ही वनस्पती मैलोन् मैल पसरली होती. कांडं मोडलं की सायीसारखा घट्ट रस निघे आणि माणसाला जगायला जे जे लागतं ते बहुतेक सगळं त्या रसात असे. पृथ्वीवरून आणलेलं बियाणं मात्र इथल्या मातीत हट्टाने कुजत होतं. तेव्हा दुधकांडी टिकली तर वसाहत, नाहीतर गाशा गुंडाळायचा, इतका सरळ मामला होता.

आणि आज सकाळी दुधकांडीने पुन्हा माना टाकल्या होत्या.

परीक्षण दलाची वनस्पतितज्ज्ञ डॉ. मैथिली नाईकनवरे प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी राहून ते बघत होती. वर कक्षेत 'दूरयात्री' हे महायान चारशे माणसं पोटात घेऊन घिरट्या घालत होतं. खाली उतरलेल्या सात जणांच्या दलाने 'योग्य' म्हटलं की ती माणसं इथे राहायला येणार होती. 'अयोग्य' म्हटलं की पुढच्या ताऱ्याकडे, आणखी अकरा वर्षं. मैथिलीचे वडील, अप्पा, त्या चारशेंत होते. त्यांचं हृदय अकरा वर्षं टिकणार नाही हे यानाच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

ध्वनियंत्र वाजलं. अप्पाच होते.

"काय गं, जागा पसंत पडली का? का आपलं मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखं 'घरी जाऊन कळवतो' चाललंय?"

"सगळं ठीक आहे, अप्पा. अजून थोड्या चाचण्या बाकी आहेत."

"आवाज का बसलाय तुझा?"

"कुठे? काही नाही."

मैथिली यानात जन्मली होती आणि यानातली माणसं अशीच बोलत. बंद डब्यात चारशे जण तीस वर्षं कोंडलेले असताना एकाचं डोकं फिरलं तर सगळ्यांचा जीव धोक्यात, म्हणून डॉ. हळब्यांनी तरुणपणी 'संयमसंहिता' लिहिली होती. आवाज चढवायचा नाही, मधे बोलायचं नाही, राग आला तर आकडे मोजायचे. यानातली पोरं बोलायला शिकायच्या आधी गप्प बसायला शिकत. अप्पांसारखी पृथ्वीवरून चढलेली जुनी खोडं मात्र अधूनमधून भडकायची, आणि मग त्यांना दोन दिवस 'शांतिकक्षा'त बसवलं जाई. अप्पांना तिथली गादी पाठ झाली होती.

मैथिलीने मान टाकलेलं एक कांडं उचललं आणि शेजारच्या टेबलाशी गेली. तिथे रसायनतज्ज्ञ सलीम बागवान गंधमापक यंत्रात डोकं घालून बसले होते. बागवान मूळचे सांगलीकडचे, विशीत यानात चढलेले. मैथिली त्यांना सलीमकाका म्हणे.

"काका, रोग नाही, कीड नाही, पाणीही भरपूर आहे. तिने आपला रस आपणहून मुळाशी ओढून घेतलाय. दर वेळी आपली आठवड्याची सभा झाली की हेच होतं, आणि सभागृहाभोवतीच होतं."

"मग आपली सभाच नडली म्हणायची तिला," बागवान म्हणाले. "ये, बस इथं. हे बघ. पृथ्वीवर झाडाला किडा लागला की ते गंध सोडतं आणि शेजारची झाडं सावध होतात. ठाऊक आहे?"

"हो, पाठ्यपुस्तकातच आहे."

"ही दुधकांडी त्याच्या एक पायरी पुढं आहे. ती जनावरांचा गंध वाचते. जनावर भ्यालं की त्याच्या अंगाला वेगळा वास सुटतो. इथं त्या शिंगट्यांचे, म्हणजे चरणाऱ्या शिंगवाल्या जनावरांचे, कळप फिरतात. शिकारी मागं लागला की कळप उधळणार आणि ही पायाखाली तुडवली जाणार. म्हणून भयगंध आला रे आला की बाई रस खाली ओढते. वरचं तुडवा खुशाल, मूळ शाबूत."

"आणि माणसाच्या घामातही तसाच गंध असतो," मैथिली हळूच म्हणाली.

"असतो. घाबरला तरी सुटतो, संतापला तरी सुटतो."

"मग ताण गेला की ती पुन्हा उभी राहील. पण सारखाच ताण राहिला तर मुळं वर्षभर झोपी जातील." तिने कांडं टेबलावर ठेवलं. "म्हणजे चारशे माणसं उपाशी."

दोघांनी ही 'गंधवार्ता' हळब्यांच्या कानावर घातली. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली आणि निष्कर्ष तात्काळ काढला. सभांमध्ये बागवान तावातावाने बोलतात, सबब दुधकांडी कोमेजते.

हे वरवर पटण्याजोगं होतं, कारण त्या सभा खरोखरच बघण्यासारख्या असत. परक्या ताऱ्याखाली सात माणसं उतरली होती, तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार नेमले होते. खजिना नव्हताच, तरी खजिनदार होता. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, मग ठराव, सूचक, अनुमोदक. बागवानांनी हरकत घेतली की हळबे मंद हसून म्हणत, "आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे," आणि लगेच आभारप्रदर्शन. आभार एकदा मानले की संपलं. त्यानंतर तोंड उघडणं म्हणजे असभ्यपणा. सगळे चहा न घेताच आपापल्या खोलीत जात.

"आजपासून इथेही संयमसंहिता लागू," हळब्यांनी जाहीर केलं. "पंधरा दिवस. कोणीही आवाज चढवणार नाही. दुधकांडी सुधारली तर 'योग्य' कळवू."

मैथिलीला हायसं वाटलं. गप्प राहण्यात तिचा हात कोण धरणार? बागवान दात आवळून "धन्यवाद" म्हणायला शिकले. ताटात मीठ कमी पडलं तरी "उत्तम झालंय" आणि कुणी पायावर पाय दिला तरी "आपली कृपा". आठवड्याभरात तळ एखाद्या इस्पितळासारखा शांत झाला.

दुधकांडी मात्र नुसती सभागृहाभोवती नाही, आता सगळीकडे झोपली. बारावा दिवस उजाडला तेव्हा तळाभोवती एकही कांडं सरळ उभं नव्हतं.

हळब्यांनी शेवटची सभा बोलावली. इतिवृत्त वाचून झालं. ते खिन्नपणे म्हणाले, "ठराव असा, की शाद्वल ग्रह मानवी वसाहतीस अयोग्य असल्याचे महायानास कळवावे. सूचक मी. अनुमोदक?"

कुणी हात वर करेना. मैथिलीने मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली.

"अनुमोदन गेलं खड्ड्यात!" बागवान टेबलावर हात आपटून उठले. "काय ओ हळबे, बारा दिवस आम्हाला तोंडाला कुलूप लावून बसवलंत, त्यात तुमची ती कांडी मेली, आणि आता ग्रहाला दोष? तुमची संहिताच चुकीची आहे! तीस वर्षं चुकीची आहे!"

"आपला मुद्दा नोंदवून..."

"नोंदवू नका! उत्तर द्या!"

आणि मग अघटित घडलं. हळब्यांचे कान लाल झाले. "उत्तर पाहिजे? तुमच्या बडबडीमुळे तीस वर्षं मला झोप नाही! चारशे माणसांचा जीव सांभाळत होतो मी, तुमच्यासारखा बुद्धिबळात हरल्यावर पट उधळत नव्हतो!"

"पट तुम्ही उधळलात!"

"मी? मी वजीर दिला होता तुम्हाला!"

चिटणीस पडले मधे, खजिनदार पडले चिटणिसांवर. अर्धा तास असा कल्ला माजला, की छताचे पत्रे थरथरत होते. शेवटी पटाची गोष्ट कुठल्या वर्षातली यावरून दोघांचं अडलं, दोघांनाही आठवेना, आणि हळबे एकदम खदखदून हसायला लागले. बागवानांनी डोळे पुसत चहा टाकला. आभारप्रदर्शन कुणालाच आठवलं नाही.

मैथिली भिंतीला टेकून थिजली होती. तासाभराने ती बाहेर आली आणि दारातच थांबली. सभागृहाभोवतीची दुधकांडी ताठ उभी होती. ती धावत सगळ्या तळाला वळसा घालून आली. सगळीकडे कांडं उठत होतं. फक्त एका खिडकीखाली ते अजून भुईसपाट होतं, आणि ती खिडकी तिच्या खोलीची होती.

तिने गंधमापक आणून चहा पिणाऱ्या बागवानांसमोर धरला, मग स्वतःसमोर.

"काका, भांडताना तुमचा भयगंध डोंगराएवढा चढला असणार, पण आता शून्यावर आहे. माझा फारसा चढलेला नाही, पण उतरतही नाही. शिंगटे दिवसभर एकमेकांना ढुशा देतात, तेव्हा कांडी ढिम्म हलत नाही. ती लक्षच देत नाही, कारण ढुशा देणारा कळप कधी उधळत नाही. खरा भ्यालेला कळप गवतात दबून गप्प बसतो, आणि गप्प बसलेला कळपच उधळतो. ती भांडणाला नाही घाबरत. ती गिळलेल्या भांडणाला घाबरते."

हळब्यांनी कप खाली ठेवला. माणूस हेकट, पण शास्त्रज्ञ सच्चा होता. आपल्या आयुष्यभराच्या कामाविरुद्ध पुरावा दिसला तरी तो पुरावाच. "मग ग्रह योग्य आहे," ते सावकाश म्हणाले. "अयोग्य आपण आहोत. वर चारशे माणसं आहेत, त्यांतल्या साडेतीनशेंना मी भांडायला शिकूच दिलं नाही."

"शिकवता येईल," बागवान म्हणाले. "शिकवणारा वरच आहे. शांतिकक्षात सर्वांत जास्त दिवस कोण बसलंय?"

कौल गेला. 'योग्य, परंतु प्रशिक्षणानंतर.' आणि पहिल्या अवतरणयानातून पहिले प्रशिक्षक म्हणून अप्पा नाईकनवरे काठी टेकत खाली उतरले.

त्यांनी वर आभाळाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मैथिलीकडे वळले.

"प्रवास नीट झाला ना, अप्पा? थकला असाल," ती हसून म्हणाली.

त्यांच्या पायांजवळची दुधकांडी हळूहळू वाकायला लागली. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"बोल."

"काही नाही, अप्पा."

आणखी दोन ओळी झोपल्या.

"पोरी, माझ्यापुढं लपवशील, हिच्यापुढं कशी लपवशील? बोल."

"मला विचारलं होतंत का?" मैथिलीचा आवाज फाटला, तो एवढा मोठा निघतो हे तिलाच ठाऊक नव्हतं. "त्या डब्यात जन्माला घालताना विचारलं होतंत? तुम्ही नदीच्या, जत्रेच्या, आंबे चोरल्याच्या गोष्टी सांगायचात आणि मी हसायचे! मला रडायला यायचं, अप्पा! रोज यायचं!"

"मग रडायचंस! मला काय कळणार, तू हसत होतीस तर?" अप्पाही गरजले. "आणि मला तरी कुठं यायचं होतं? तुझी आई हटून बसली म्हणून चढलो मी यानात!"

"हे मला आज सांगताय?"

"तू आज भांडलीस!"

दोघंही रडत होती आणि दोघंही ओरडत होती. सवयीने "शांतता" म्हणायला पुढे सरसावलेल्या हळब्यांना बागवानांनी कोपराला धरून मागे ओढलं. दुधकांडीची एकेक ओळ सरळ होत होती.

अप्पा दम लागून मातीतच बसले. छातीवर हात ठेवून त्यांनी दोन-तीन मोठे श्वास घेतले. मैथिली घाबरून शेजारी टेकली, तर त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

"ठीक आहे मी. लई दिवसांनी बरं वाटलं," ते म्हणाले. "आता तुझ्या आईबद्दल बोलायचं का?"

"हो," मैथिली नाक पुसत म्हणाली. "पण आधी मी."