सावलीमागची खुर्ची

तो मला पहिल्यांदा दिसला तो बुटांसकट. वाळूत बूट! आणि वर मोजे. आमचीच निळी आरामखुर्ची डोक्यावर धरून हा माणूस दुसऱ्या रांगेत घुसत होता, आणि सिन्योरा एर्मेल्लिना हातातलं पीच तसंच धरून ताडकन उठल्या होत्या.

"तिल्ला! अगं ए तिल्ला! या गृहस्थांना सांग, ही माझी वाळू आहे!"

"वाळू तुमचीच आहे हो," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "सावली तेवढी माझी."

मी बघितलं... आणि खरंच होतं ते. दुपार कलली होती, ऊन समुद्राच्या अंगाला उतरलं होतं, आणि पहिल्या रांगेतल्या त्याच्या छत्रीची सावली सरकत सरकत एर्मेल्लिनाबाईंच्या पायांशी येऊन निजली होती. वासरामागून गाय यावी तसा तो तिच्यामागून आला होता.

"तुमची जागा पहिल्या रांगेत आहे," मी म्हटलं.

"तिथे नुसता दांडा आहे. मी काय दांड्याखाली बसू?"

मी ओरडले, "आधी ते बूट काढा!"

त्याने काढले. पाय इतके पांढरे, की शेजारच्या बायका हसल्या. मी नाही हसले. म्हणजे... वळल्यावर हसले.

तो अदेल्मा आजींचा नातू, सिल्वेरिओ. नोव्हाराकडचा, भातशेतीच्या मुलखातला. दर उन्हाळ्यात पहिल्या रांगेत आपली विणकामाची पिशवी घेऊन बसणाऱ्या अदेल्मा आजी या हिवाळ्यात गेल्या, आणि त्यांच्या जागी हा आला. आमच्या किनाऱ्यावर छत्रीची जागा घराण्यात चालते. आजीकडून लेकीकडे, लेकीकडून नातवंडाकडे. पण एक अट असते: फेर्रागोस्तोच्या सणापर्यंत, ऑगस्टच्या ऐन मध्यापर्यंत, घरचं माणूस रोज त्या जागी बसलं पाहिजे. जागा मोकळी पडू लागली, की ती मागच्या रांगेतल्याची. आणि बरोब्बर मागे एर्मेल्लिनाबाई होत्या. पहिल्या रांगेवर डोळा ठेवून त्यांचे केस पिकले होते.

या वर्षी बाबांचा गुडघा धरला आणि छत्र्यांचा सगळा कारभार पहिल्यांदाच माझ्या हातात आला. "तिल्ला," बाबा म्हणाले होते, "छत्र्या कुणीही उघडेल. किनाऱ्यावर शब्द चालला पाहिजे. एकदा कुणासाठी वाकलीस की मग सगळे तुला वाकवतील."

आणि नेमका याच वर्षी हा प्राणी माझ्या नशिबी!

किती म्हणून सांगू? जेवल्याजेवल्या पाण्यात शिरला. सगळा किनारा किंचाळला, तीन आज्या छातीवर क्रूस काढत धावल्या, आणि पोटात माशाचा रस्सा असताना पाण्यात जाणाऱ्यांचं काय होतं ते प्रत्येकीने त्याला वेगवेगळं सांगितलं. हा कंबरभर पाण्यात उभा राहून सगळ्यांचं ऐकून घेत होता. दुसऱ्या दिवशी उन्हाने इतका भाजला, की मी दही आणून दिलं तर म्हणाला, "खायचं की लावायचं?"

"डोक्यावर ओता," मी म्हटलं.

पण खरा ताप ती खुर्ची. दुपारी दुसरी रांग, मग तिसरी, मग चौथी. सावली लांबत जाई आणि हा तिच्या शेपटीला धरून वाट काढी... "माफ करा हं, जरा पाय घ्या, माझी सावली जातेय." लोक चिडत, पत्ते विस्कटत, टॉवेलांवर वाळू उडे, आणि सगळी गाऱ्हाणी माझ्याकडे येत. संध्याकाळी सावली शेवटच्या रांगेमागच्या आमच्या खाण्याच्या काउंटरपाशी पोचे. तिच्याबरोबर तो.

"आलात?" मी तळणातले स्क्विड उलटत विचारी.

"मी कुठे? तिने आणलं."

"घरी भातशेतात पण असंच फिरता का सावलीमागून?"

"तिथे झाडं आपल्या जागी उभी असतात. आणि कुणी ओरडत नाही."

"मग जावं तिथेच!"

"करमणार नाही," तो म्हणे, आणि लिंबाचं सरबत इतकं सावकाश पिई, की बर्फ संपून जाई.

सात वाजले की बाबा खुर्चीतूनच गाऊ लागत, आणि त्या चालीवर मी छत्र्या मिटत जाई:

*मीट गं छत्रे, ऊन निघालं गावाला,*
*उरली सावली, घे गं उशाला...*

छत्री मिटली की सावलीही मिटे. मग तो उठे, खुर्ची जागेवर नेऊन ठेवी, आणि "उद्या" एवढंच म्हणून जाई. मला हायसं वाटे. निदान मी स्वतःला तसं सांगे. पण एकदा दुपारभर ढग आले, सावलीच पडली नाही, आणि काउंटरपाशी कुणी आलं नाही. त्या संध्याकाळी माझ्या हातून स्क्विड दोनदा करपले.

"मीठ पण विसरलीस," बाबा चावता चावता म्हणाले. मी त्यांच्यावरच खेकसले.

सणाच्या आदल्या दिवशी एर्मेल्लिनाबाई आल्या. केस सेट केलेले, गळ्यात मोती.

"तिल्ला, बाळ, नियम म्हणजे नियम. अर्धा दिवस तो तिथे नसतोच. आणि एक गोष्ट बघितलीस का? सगळा किनारा पाण्याकडे तोंड करून बसतो. हा शहाणा तुझ्या तळणाकडे!"

"डोळ्यांवर तिरीप येते म्हणतो."

"तिरीप!" बाई खुदकन हसल्या. मग लगेच गंभीर झाल्या. "ते असो. उद्या संध्याकाळी सगळ्यांसमोर निकाल सांग. गेल्या महिन्यात त्या बिचाऱ्या ओत्तावियाची जागा याच नियमाने गेली, विसरू नकोस."

कशी विसरेन? ओत्ताविया रडली होती, आणि तिची जागा मीच काढून घेतली होती.

मी तरातरा त्याच्याकडे गेले. "ऐका. उद्या एक दिवस, फक्त एक दिवस, आपल्या जागी बसा. उरलेलं मी सांभाळून घेईन. जागा गेली तर पुढच्या वर्षी..." इथे मी उगीचच त्याच्या टॉवेलवरची वाळू झटकली. "तुमच्या आईला वाईट वाटेल."

"आईला," तो म्हणाला.

"हो, आईला! दुसऱ्या कुणाला वाटणार?"

तो माझ्याकडे बघत राहिला. असा राग आला मला!

सणाला किनारा फुलून गेला होता. कलिंगडं पाण्याच्या काठाशी वाळूत पुरलेली, मावश्या-काकवांच्या हातात लाझान्याची ताटं, पोरांचा कालवा. सिल्वेरिओ सकाळपासून आपल्या जागी बसला होता. समुद्राकडे तोंड करून. शहाण्यासारखा. दुपार कलली, सावली पायांखालून निघाली, एर्मेल्लिनाबाईंकडे गेली... तो हलला नाही. मान लाल झाली, कान लाल झाले. मी काउंटरवरून बघत होते. बस, मनात म्हणत होते, बस रे बाबा, थोडाच वेळ.

आणि तो उठला. खुर्ची उचलली.

रांगांमधून तो येत होता आणि कुणीही पाय घेत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. बाबासुद्धा. एर्मेल्लिनाबाईंनी मोती सारखे केले. मी हातातला झारा घट्ट आवळला. रागाने की कशाने, देव जाणे. ओत्ताविया मागच्या रांगेत उभी होती. तिच्याकडे नजर गेली, आणि मग दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं.

"नियमाप्रमाणे अदेल्मा आजींची जागा मोकळी झाली," मी म्हटलं. "पहिली रांग सिन्योरा एर्मेल्लिनांची."

टाळ्या झाल्या. मी पाठ फिरवून तळणात नाही ते ढवळत राहिले. गेलं. संपलं. आता कशाला येईल हा? एवढं सांगितलं होतं, एवढं एक काम सांगितलं होतं...

"शेवटच्या रांगेत," मागून आवाज आला, "काउंटरजवळची ही जागा कुणाची आहे?"

मी गर्रकन वळले. "कुणाची नाही! तिथे कुणी बसत नाही. तळणाचा वास येतो, भांडी आदळतात, बाबा गातात—"

"मला द्या."

"डोकं फिरलंय तुमचं? पहिली रांग हातात होती! थोडं बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"बसलो होतो की. दिवसभर." त्याने खुर्ची ठेवली. "तिथे बसलं की तुझ्याकडे पाठ होते."

तुझ्याकडे. अख्खा उन्हाळा 'तुम्ही' म्हणून छळलं, आणि आता, सगळ्यांसमोर, हातात झारा असताना!

"इथून समुद्र दिसत नाही," मी कसंबसं म्हटलं.

"दिसतो. तू बाजूला झालीस की." तो खुर्चीत टेकला. "पण होऊ नकोस."

"आणि तुझ्या आईला काय सांगशील?"

"सांगेन, जागा गेली नाही. जरा मागे सरकली."

मला हसू आलं, रडू आलं, आणि स्क्विड करपले. तिन्ही एकदमच. "मूर्ख आहेस," मी म्हटलं. "भाजलेला, मोजेवाला मूर्ख."

"दही आहे का?"

"ओतू डोक्यावर?"

"तू ओतणार असशील तर..."

सात वाजले. बाबांनी सूर लावला, आज जरा जास्तच वरचा. मी एकेक रांग मिटत पाण्यापर्यंत गेले. एर्मेल्लिनाबाई नव्या जागी शाल लपेटून बसल्या होत्या.

"तिल्ला, इथे वारा फारच लागतो गं!"

"घरी जा, सिन्योरा. उद्या लागेल सवय."

त्या पुटपुटत गेल्या. मी त्यांच्या छत्रीच्या दोरीला हात घातला आणि मागे वळून पाहिलं. मिटलेल्या रांगांमधून तेवढी एकच सावली लांबच लांब पसरली होती, थेट काउंटरपर्यंत, त्याच्या उघड्या पायांपर्यंत.

"तिल्ला," बाबा ओरडले, "एक राहिली!"

"कळतंय मला!" मी ओरडले. छत्री तशीच उघडी ठेवून दोरी सोडली, आणि सावलीवरूनच परत चालत निघाले.