शेजारून आणतो, बसा

अबॉसी ओकाईच्या, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात मी त्या दुपारी शिरले ती चिडूनच. हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याचे दिवस, ओठ फुटलेले, केसांत ही धूळ! आणि दोन्ही बाजूंनी दुकानदारांचा नुसता गलका, “मॅडम, इकडे! कुठली गाडी, मॅडम?” आत्या लग्न करून लोमेला गेली आणि तिची म्हातारी गाडी माझ्या गळ्यात पडली. मेकॅनिकनं बॉनेट उघडून नुसतं ‘च् च् च्’ केलं आणि असा आकडा सांगितला, की मी तिथंच ठरवलं, आपणच करायचं. शिवणयंत्र मी घरी खोलते, परत जोडते. गाडी काय मोठी राणी लागून गेली?

गर्दीत कुणाच्या तरी ढकलगाडीनं मला धक्का दिला आणि मी थेट एका दुकानाच्या काउंटरवर जाऊन आदळले. समोर एक उंच, सावकाश हलणारा माणूस. एबो.

“लागलं का?” त्यानं विचारलं.

“नाही. वायपर हवाय,” मी झटक्यात म्हटलं. “काळा. लहान.”

“काळा, लहान...” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “मॅडम, इथले सगळेच वायपर काळे. जुना काढून आणा, मग त्याला जोड शोधू.”

“तो मला काढता येत नाही.”

“मग नवा लावणार कशा?”

असं झोंबलं म्हणून सांगू! पाय आपटत घरी गेले, वायपरशी कुस्ती खेळले, आणि ऊन उतरायच्या आत तो त्याच्या काउंटरवर आपटला. एबोनं वायपर पाहिला, माझी काळी झालेली नखं पाहिली... आणि हसला. बाई गं, ते हसू! माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

“बसा,” बाकडं पुढे सरकवत तो म्हणाला. “माझ्याकडे नाही, पण शेजारून आणतो.”

आमच्या बाजाराची रीतच आहे ती. ‘नाही’ म्हणून गिऱ्हाईक घालवायचं नाही. बाकड्यावर बसवायचं, शेजारच्या दुकानातून वस्तू आणायची आणि आपली म्हणून विकायची. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. मी बसले. तो आला बऱ्याच वेळानं.

“टिक् असा आवाज आला की बसला समजा,” वायपर माझ्या हातात देत तो म्हणाला. “आवाज नाही आला तर परत या.”

“आणि आला तर?”

“आला तर...” तो घुटमळला. “आला की नाही, ते सांगायला या.”

मग काय! फ्यूज गेला, गेले. मागचा दिवा विझला, गेले. फॅन बेल्ट, एअर फिल्टर, दाराचं हँडल, जे म्हणून सुटं होतं, ते ते मी स्वतःच्या हातानं बदललं. दर वेळी तो शेजारी जायचा, दर वेळी मी बाकड्यावर. ‘मॅडम’ची ‘जिफा’ झाले, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

“आई म्हणते, हाताला ग्रीसचा वास येणाऱ्या मुलीशी लग्न कोण करणार?” मी एकदा त्याला सांगितलं.

“ज्याला तो वास आवडतो, तो,” एबो म्हणाला, आणि एकदम पाठ फिरवून डब्यातले स्क्रू चाळायला लागला.

पण एक घोटाळा झाला. गाडी बरी झाली! खुळखुळ नाही, चरचर नाही. बदलायला काही उरलंच नाही. आणि नेमका तेव्हाच एबो म्हणाला, “काका ताकोराडीला दुकान काढतायत. सोमवारी मला जायचंय तिकडे.”

“अरे वा! छान झालं,” मी म्हटलं. जीभ झडली कशी नाही माझी!

“हो, छानच,” तोही म्हणाला.

शनिवारी सकाळी मी पक्कड घेतली आणि गाडीच्या दाराचं चांगलं, नवं हँडल कट्कन मोडलं. दुसऱ्या दारानं, गिअरवरून कशीबशी सरकत आत बसले आणि निघाले.

दुकानात खोकी बांधून ठेवलेली. एबोनं मोडकं हँडल हातात घेतलं, उलटसुलट केलं.

“हे मीच दिलेलं ना?”

“हो. तुझा माल कच्चा निघाला,” मी बेशरमपणे म्हटलं.

“बस... शेजारून आणतो.”

तो गेला. शेजारच्या दुकानात नादे आंटी गाड्यांचे आरसे पुसत बसली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “पोरी, बसून बसून कंटाळा नाही येत गं तुला?”

“त्याला शेजारून आणावं लागतं ना, आंटी.”

“शेजारून?” आंटी अशी हसली की हातातला आरसा पडता पडता वाचला. “अगं, शेजारी म्हणजे मीच ना! त्याच्या टेबलाखाली बघ जरा.”

मी वाकले. खोक्यात हँडलं. माझ्याच गाडीची, खोकंभर! शेजारी वायपर, बेल्ट, दिवे.

“तुझी वस्तू खिशात घालून माझ्या मागच्या दाराशी उभा राहतो तो, पाण्याची पिशवी चोखत. मी म्हणते, मेल्या, जा ना आता! तर म्हणतो, लवकर दिलं तर ती लवकर जाईल, आंटी.”

मी खोक्यातलं एक हँडल उचललं. तेवढ्यात एबो आला.

“मिळालं एकदाचं...”

“खोकंभर आहेत तुझ्याकडे, एबो.”

तो हळूच म्हणाला, “आणि तुझ्या हँडलवर पक्कडीचे दात उमटलेत, जिफा.”

आता पकडले गेले ती मी. पण सोमवार तोंडावर आलेला. लाजून कसं चालेल?

“यायला निमित्तच उरलं नव्हतं,” मी म्हटलं. “म्हणून मोडलं. हस आता.”

तो हसला नाही. “मला वाटलं, तुला फक्त गाडी दुरुस्त करायचीय.”

“गाडी केव्हाच झाली रे, मठ्ठ माणसा! मला तू आवडतोस.”

“सुटले बाई एकदाचे!” आंटी आरशाआडून म्हणाली.

एबोचे डोळे भरून आले. “मलाही... पहिल्या दिवसापासून. पण मला जावं लागणार, जिफा. काकांना शब्द दिलाय.”

“मग जा की! ताकोराडीपर्यंत माझी गाडी येत नाही का?”

“न यायला काय झालं! तिचा एकेक भाग माझ्या हातून गेलाय.”

“मग येते पुढच्या शनिवारी. बोल, काय मोडून आणू? आरसा? दिवा?”

त्यानं माझा ग्रीसनं माखलेला हात भर बाजारात आपल्या हातात घेतला.

“काही मोडू नकोस,” तो म्हणाला. “रिकाम्या हातानं ये.”