दोरीचं दुसरं टोक

बहरीनमधल्या मराठी घरांत शुक्रवारची सकाळ उशिरा उजाडते, आणि उजाडली की पोह्यांचा वास येतो. मयुरेश आणि तेजस्वीच्या घरात ती पहाटे साडेचारला उजाडायची आणि वास यायचा कोळंबीचा. फ्रिजमध्ये दुधाच्या बाटलीमागं आमिषाचा डबा दडवलेला असायचा. पाहुणे आले की तेजस्वी तो आणखी मागं सरकवायची.

लग्नाला पाच महिने झाले होते. हे लग्न ज्या गोष्टीमुळं जुळलं, ती पत्रिकेत नव्हती. दापोलीला बघण्याच्या कार्यक्रमात मोठ्यांनी दोघांना "जरा बोला" म्हणून अंगणात पाठवलं. मुलगा मनामात बँकेत अकाउंटंट. त्यानं काय बोलावं ते न सुचून फोनवरचा एक फोटो पुढं केला. हातात भलामोठा हामूर, म्हणजे आपल्याकडचा हेकरू. तेजस्वी मुळात कमी बोलणारी. तिनं फोटो निरखला आणि म्हणाली, "गळ ओठात नाही लागलेला, गिळलाय त्यानं. तुम्ही ओढायला उशीर केलात."

मयुरेशनं त्याच संध्याकाळी होकार कळवला.

तिला गळ टाकायला आप्पांनी, तिच्या वडिलांनी शिकवलं होतं, दाभोळच्या खाडीवर. पोहायला मात्र शिकवलं नाही. मुलगी काठावरच बसणार, असा त्यांचा हिशोब. पण बहरीनच्या पूर्व किनाऱ्याला काठ असा नसतोच. ओहोटी लागली की समुद्र अर्धा-पाऊण किलोमीटर आत जातो, गुडघाभर पाण्याचं पठार उरतं, आणि मासे हवे असतील तर त्या पठाराच्या कडेपर्यंत चालत जावं लागतं. म्हणून मयुरेशनं तोडगा काढला. तीस मीटर नारिंगी नायलॉनची दोरी. एक टोक तिच्या कमरेला, दुसरं त्याच्या मनगटाला. दोन झटके म्हणजे 'मी आहे'. समोरच्यानं दोन द्यायचे. तीन म्हणजे 'चल परत'. दोरी कुणी सोडायची नाही, एवढी एकच अट तिची होती.

"आणि एक झटका?" तिनं विचारलं होतं.

"एक धरायचाच नाही. लाटेनंही बसतो एखादा."

त्या शुक्रवारी मासेमारी क्लबच्या जोडी-स्पर्धेची शेवटची फेरी होती. नियम सोपा. पकडलेला मासा पाण्याच्या बादलीतून जिवंत आणायचा, दहाच्या आत किनाऱ्यावरच्या टेबलावर पट्टीनं मोजून घ्यायचा, मग परत सोडायचा. एका फिलिपिनो नवरा-बायकोच्या मागं हे दोघं फक्त चार सेंटिमीटरनं होते. मयुरेशला आठवडाभर त्या चार सेंटिमीटरांची स्वप्नं पडत होती.

टेबलावर जमालुद्दीनचाचा बसले होते. मूळचे रत्नागिरीचे, मुहर्रकला पस्तीस वर्षं गळ-दोऱ्यांचं दुकान. त्यांनी तेजस्वीच्या कमरेची दोरी पाहिली आणि चष्मा वर केला.

"हे काय गो पोरी? मोती काढायला चाललीस काय?"

"मला पोहता येत नाही, चाचा."

"मग बरोबर. पूर्वी हितं अशीच जोडी असायची. एक खाली बुडी मारायचा, दुसरा होडीत दोरी धरून बसायचा. भाऊ-भाऊ नाहीतर बाप-लेक. परक्याच्या हातात दोरी कोण देईल?" त्यांनी नोंदवहीत नावं लिहिली. "खालच्यानं एक झटका दिला की वरच्यानं ओढायचं. उशीर झाला तर खलास."

"आम्ही एक झटका धरत नाही, चाचा," मयुरेश हसून म्हणाला.

"समुद्र धरतो," चाचा म्हणाले. मग आपणच हसले. "कडेच्या पुढं लांब जाऊ नका. त्या बाजूला समुद्राच्या पोटात गोड्या पाण्याचे झरे हायत. पूर्वी बुडी मारून पखालीत भरून आणायचे ते पाणी. गेलेले सगळेच वर आले नाहीत. धुकं पडलं तर मी भोंगा वाजवीन, त्या आवाजानं सरळ या. यल्ला, निघा."

साडेसहाला दोघं कडेवर पोचले. पाणी पोटरीपर्यंत. तळाशी मऊ वाळू, मध्येच खडक. मयुरेश उजवीकडं, दोरी पुरेल तितका लांब. पहिला तास नेहमीसारखा गेला. दोन छोटे मासे तिनं सोडून दिले. फिलिपिनो बाई लांबून हात हलवून गेली.

धुकं पावणेआठला आलं. ते आलं असंही म्हणता येणार नाही. समोरचं पाणी आधी दुधाळ झालं, मग मयुरेशची टोपी पुसट झाली, मग टोपीही नाही आणि मयुरेशही नाही. काळोखात निदान डोळ्यांना ठाऊक असतं की आपल्याला दिसत नाहीये. इथं डोळे उघडे होते, सगळीकडं लख्ख उजेड होता, आणि दिसत होती फक्त स्वतःच्या कमरेपासून पाच हातांवर विरून जाणारी नारिंगी दोरी.

तिनं दोन झटके दिले. दोन आले.

"मयुरेश?"

"आहे आहे," तिकडून आवाज. मग पाण्याची खळबळ, रीळ करकरल्याचा आवाज आणि त्याचं आनंदानं फुटलेलं हसू. "तेजू, लागला! बाप आहे हा!"

मग शांतता.

तिला वाटलं, मासा बादलीत घेत असेल. मासा हाती आला की मयुरेश कुणाशी बोलत नसे, हे पाच महिन्यांत तिला कळलं होतं. तिनं थोड्या वेळानं दोन झटके दिले. दोन आले. तिनं गळाला नवी कोळंबी लावली. पाणी गुडघ्याला लागलं होतं. भरती सुरू झाली होती.

किनाऱ्यावरून भोंगा वाजला. निदान तो किनारा असावा, असं तिला वाटलं. धुक्यात तो आधी पाठीमागून आला आणि मग डावीकडून.

तिनं तीन झटके दिले. चल परत.

उत्तरात दोन आले.

तिनं पुन्हा तीन दिले. पुन्हा दोनच. शांत, सारख्या अंतरानं. 'मी आहे.' तिला राग आला. चार सेंटिमीटरांसाठी माणूस किती ताणतो! पाणी मांड्यांपर्यंत आलं. समुद्राचा वास बदलल्यासारखा वाटला. खारटपणा कमी झाला होता, आणि ओल्या दगडाचा, जुन्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा गार वास येत होता.

"मयुरेश, पुरे आता. पाणी चढतंय."

दोरीला एक झटका बसला.

लाट असेल, ती मनाशी म्हणाली. पण लाट नव्हती. पाणी ताटात ठेवल्यासारखं निश्चल होतं. दोरी हळूहळू ताणली गेली, कमरेला रुतली. पुन्हा एक झटका. लांब, खालच्या दिशेनं.

मग तिनं विचार केला नाही. दोरी हाताला गुंडाळून ती ओढायला लागली. तिकडं वजन होतं. जिवंत वजन, मासा आणि माणूस यातला फरक तिच्या हातांना कळत होता. एक वाव दोरी आली, मग आणखी एक वाव. तळवे सोलले. पाय कुठंतरी अडकला असेल, खडकात फट असेल, येतोय, येतोय...

"तेजस्वी..."

हाक पाठीमागून आली. अगदी जवळून.

तिचे हात थांबले. दोरी पुढं होती आणि हाक मागं.

"तेजस्वी... इकडं."

आप्पा सांगायचे, खाडीवर धुकं असलं की पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसरी मारतो. माणूस नसेल ते दोनवर थांबतं. ती हे ऐकून नेहमी हसायची. आता ओठ घट्ट मिटून उभी राहिली आणि तिसरी हाक यायची वाट पाहू लागली. पाणी कमरेच्या गाठीला लागलं. दोरी तिच्या मुठीत थरथरत होती.

"कोण आहे?" शेवटी तिनंच हळू आवाजात विचारलं.

"कोण म्हणजे? मी." धुक्यातून टोपी दिसली, मग खांदे. "टेबलावर मासा मोजून घ्यायला जात होतो, दहा मिनिटांचं काम. धुक्यात वाटच चुकलो. बादली उलटली, मासा गेला. चल लवकर."

"मग दोरी...?"

"तिथल्या खांबाला बांधून गेलो होतो. सॉरी. सोड ती."

एक झटका. आता क्षीण.

"पहिल्या भेटीत," तिचा आवाज तिलाच परका वाटला, "मी तुला काय म्हणाले होते?"

"ओढायला उशीर केलात, म्हणालीस."

हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं आमिषाची सुरी काढली आणि कमरेपासून वीतभर अंतर सोडून दोरी कापली. कापलेलं टोक पाण्यावरून पुढं सरकत गेलं. जाताना दोनदा थांबलं, आणि बुडालं.

त्यानं तिचा हात धरला. हात गार होता, पण समुद्रात तासभर उभ्या राहिलेल्या कुणाचाही असतो. तो एकदाही न चुकता तिला सरळ किनाऱ्याला घेऊन आला. भोंगा मात्र सगळा वेळ दुसऱ्याच बाजूला वाजत होता.

टेबलापाशी चाचांनी तिला शाल दिली आणि थर्मासमधला चहा. बाकी सगळ्या जोड्या परत आल्या होत्या. चहा मयुरेशनंही घेतला. नुसता हातात धरून बसला.

"दोरी कुठं गेली गो?"

"कापली, चाचा. यानं तिथल्या खांबाला बांधली होती."

चाचांनी मयुरेशकडं पाहिलं. मग नोंदवहीकडं. "त्या बाजूला खांब नाही," ते इतकंच म्हणाले, तेही तिच्याकडं न बघता. "घरी जा. आराम करा. इंशाल्ला सगळं ठीक हाय."

दुपारी मयुरेश जेवला नाही, गोधडी ओढून झोपला. तेजस्वीनं बाल्कनीत कपडे काढून ठेवले होते, ते धुवायला घेतले. समुद्रावरून आलेल्या कपड्यांचं लग्नापासून तिला एक काम पाठ झालं होतं. वाळले की मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात, त्या आधी झटकायच्या. तिच्या लेगिंग्जवर रेघा होत्या, मांड्यांपर्यंत. कुर्त्यावर कमरेपाशी एक, जिथंवर पाणी चढलं होतं तिथं. मयुरेशचा टी-शर्ट गळ्यापर्यंत भिजून वाळला होता. त्यावर एकही रेघ नव्हती. तिनं बाही जिभेला लावली. फिकी. विहिरीच्या पाण्यातून काढल्यासारखी.

तिनं टी-शर्ट बादलीत टाकला. मग उठून आत गेली. पडदे बंद होते, एसी बंद होता, तरी खोलीत गारवा होता. तो भिंतीकडं तोंड करून झोपला होता. ती पलंगाच्या कडेला बसली. आपण वेडपट आहोत, असं स्वतःला बजावून तिनं गोधडीचं टोक धरलं आणि दोन हलके झटके दिले.

झोपेतच, पलीकडून दोन आले. सारख्या अंतरानं, अगदी बरोबर.

तिला हसू आलं. हा आहे. इथंच आहे. तिनं हात मांडीवर ठेवला, तेव्हा बोटांना दोरीचा तुकडा लागला. कमरेची गाठ पाण्यानं फुगली होती, सकाळपासून सुटली नव्हती; कपडेही तिच्याखालून ओढून काढले होते. आता कात्रीनं कापायची, असं ठरवून ती उठणार, तोच तिच्या लक्षात आलं की तुकडा लोंबकळत नाहीये.

वीतभर नारिंगी दोरी हवेत ताठ झाली होती. खिडकीच्या दिशेनं, समुद्राच्या दिशेनं.

एकच झटका बसला. लांब.