होशिकुसाचं पोस्टकार्ड

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. पुरावा हातात नसेल तर मी तोंड उघडत नाही. आठवडाभर म्युनिकमध्ये ऑफिस आणि शनिवार-रविवार होशिकुसाचा इतिहास, अशी माझी नऊ वर्षं गेली.

होशिकुसा ही पाच माणसांची जपानी व्हिडिओ गेम कंपनी. १९८६ला सायकलच्या दुकानाच्या माडीवर सुरू झाली, ९५ला बंद पडली. तीनच खेळ काढले. खेळाच्या शेवटी येणारी नावंही खोटी, कारण मोठ्या कंपन्या माणसं पळवतील अशी तेव्हा सगळ्यांनाच धास्ती असे. खरं नाव मला एकाचंही सापडलं नव्हतं.

खेळाच्या प्रत्येक डब्यात कंपनीच्या पत्त्याचं एक पोस्टकार्ड असे. त्यावर चार प्रश्न, आणि चौथा होता, ‘काय नकोसं वाटलं?’ आलेलं प्रत्येक कार्ड ते वाचत आणि पुढच्या आवृत्तीतून ती गोष्ट काढून टाकत. पहिल्या खेळातल्या कुत्र्याला मुलं घाबरायची. दुसऱ्या आवृत्तीत कुत्रा नाही, आणि दाराशी असलेलं त्याचं भांडंही नाही. इतकं नेटकं काम मी आमच्या ऑफिसात कधी पाहिलं नाही.

वेदांगला हे वेड मीच लावलं. तो म्युनिकजवळ गार्चिंगला संशोधक. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत त्याला होशिकुसा हे नावसुद्धा माहीत नव्हतं. मार्चमधल्या एका रविवारी त्याच्याकडे जेवायला गेले, तर त्याने माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं.

“गंमत म्हणून जुन्या डब्यातलं ते कार्ड भरून टाकलं पोस्टात. उत्तर आलं बघ.”

“कोणाचं उत्तर? ती इमारत पाडलीये. तिथे पार्किंग आहे, मी स्वतः जाऊन पाहिलंय.”

“या, गेनाऊ!” तो जर्मनमध्ये म्हणाला. “अगदी बरोबर, तेच तर!”

कागद नवा होता. शाई बोटाला लागली. पाचही जणांची खरी नावं ओळीने लिहिली होती आणि खाली विनंती होती: आमचा इतिहास कृपया आपणच लिहावा.

आपण म्हणजे वेदांग.

त्याची पाच वर्षांची मुलगी ऊर्जा माझ्या मांडीवर चढून जर्मनमध्ये काहीतरी विचारत होती. कुहूने, त्याच्या बायकोने, पुन्हा आमटी वाढली. मी वरवर हसत होते. नऊ वर्षं मी झिजले आणि पत्र याला? कोणीतरी थट्टा करत असेल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. तेही आलं नाही.

“माझ्याकडे अजून एक कोरं कार्ड आहे,” निघताना तो म्हणाला. “घे ना, तूही पाठव.”

त्याच्या चांगुलपणाचा मला जास्तच राग आला.

घरी येऊन मी कार्ड भरलं. तीन प्रश्नांची उत्तरं शब्दकोश बघून, सुवाच्य अक्षरात लिहिली. चौथ्यापुढे एकच शब्द लिहिला: वेदांग. लिहायचं आणि फाडून टाकायचं, असं मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीत टाकलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तीच पाच नावं, तीच विनंती, आणि या वेळी वर माझं नाव. मी स्वयंपाकघरात उभी राहून टाळ्या वाजवल्या. शेवटची ओळ नंतर वाचली.

‘आपल्या सूचनेप्रमाणे सुधारणा केली आहे.’

वेदांगचा नंबर फोनमध्ये नव्हता. त्याचा एकही मेसेज नव्हता.

मी यू-बान मेट्रोने गार्चिंग गाठलं. बेलवर फक्त कुहूचं नाव.

“अगं शर्वाणी! ये ना.” तिने नेहमीसारखं हसून दार उघडलं. दाराशी एकच चपलांचा जोड होता.

“वेदांग कुठंय?”

“कोण?”

“तुझा नवरा, कुहू.”

“चांगलंय! मला न सांगताच लग्न लावलंस होय माझं?”

मी आत ऊर्जाच्या खोलीत गेले. तिथे इस्त्रीचं टेबल आणि दोन सुटकेस होत्या. भिंतीवर खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. मी फक्त त्याचंच नाव लिहिलं होतं, हे मला मोठ्याने सांगावंसं वाटलं.

“आणि ऊर्जा?” मी विचारलं.

“छान नाव आहे. कोणाकडे झालं बाळ?”

मला तिथे बसवेना. ती स्टेशनपर्यंत सोडायला आली. वाटेत भाड्याबद्दल, नव्या बॉसबद्दल बोलत होती. खुशीत होती.

सिग्नल लाल होता. आम्ही थांबलो. गाड्यांकडे बघत, बोलता बोलता, कुहूने उजवा हात खाली, लहान मुलापुढे धरतात तसा, जरा बाजूला धरला. तळवा उघडा, बोटं किंचित वाकलेली.

हिरवा लागला.

ती निघाली नाही. हात तसाच ठेवून ती वाट बघत राहिली.