जनान्यातला तेलाचा डाग

त्र्याऐंशी सालच्या चैत्रात रेवणसिद्ध चुना आणायला बाजारात गेला, तो त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. दुकानदारानं हसून विचारलं, "मामा, टॉकीज रंगवताय का चुना खाताय?" एरवी त्यानं चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी गुमान पाटी उचलली आणि निघाला.

धाराशिवच्या भर बाजारातली ही दिलकुशा टॉकीज निजामाच्या राजवटीत एका कापडवाल्यानं बांधलेली. सागवानी खांब, लाकडी बाल्कनी आणि एका अंगाला बायकांसाठी जनाना. जनान्याला जाड पडदा असे. दिवे गेले की तो सारायचा, मध्यंतराआधी पुन्हा ओढायचा, म्हणजे बायका पुरुषांच्या नजरेला पडायच्या नाहीत. तो पडदा ओढायचं आणि बायकांच्या दारावर तिकिटं फाडायचं काम रेवणसिद्धानं तीस वर्षं केलं. पुढं टॉकीज बंद पडली, वटवाघळांचं राज्य झालं. आता नानासाहेबांच्या सहकारी संस्थेनं ती विकत घेतली होती. नानासाहेबांचं म्हणणं एकच, जुनी होती तशी उभी करा. जुनी कशी होती हे सांगणारा माणूस रेवणसिद्धच, म्हणून त्याला मानानं बोलावलेलं.

खांब झाले, बाकडी झाली. अडलं जनान्याच्या मागच्या भिंतीपाशी. भिंतीला तेलकट डाग होते; बाया डोकं टेकून बसतात, डाग पडणारच. चुन्याच्या एका हातात ते सगळे गेले. कोपऱ्यातला एक तेवढा जाईना. आज पांढरा करावा, तर उद्या दुपारी जागच्या जागी, आणि ओला. बोट लावलं की करडीच्या तेलाचा वास यायचा. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी त्या कोपऱ्यात गेलं की अंगावर काटा येई.

चुना मारणारा कोंडीराम म्हणाला, "मामा, ह्यो डाग लई खाली हाय. बाकड्यावर बसलेलीचं डोकं इतक्या खाली कसं यील?"

रेवणसिद्धानं चुन्याची पाटी पुढं सरकवली. त्याला सगळं ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळात या कोंडीरामाची बायको भिमाबाई सरकारी कामावर खडी फोडायची. एकदा हौसेनं तिनं बाकड्याचं तिकीट काढलं. ती आत आली तशी बाकड्यावरच्या बायांनी अंग चोरलं, नाकं मुरडली. तिच्या लोकांनी बौद्ध धम्म घेऊन सोळा वर्षं झाली होती, पण या बायांच्या डोक्यातली जात कुठं गेली होती?

"बाई, तू खाली बस. त्या कोपऱ्यात," रेवणसिद्ध म्हणाला.

"मामा, तिकीट बाकड्याचं हाय."

"बस म्हणलं ना. उगं तमाशा नको."

ती बसली, भिंतीला डोकं टेकून. मध्यंतराआधी तो पडदा ओढायला आला तेव्हाही ती तशीच होती. उन्हातान्हात राबून, उपासानं खंगलेला जीव अंधारात केव्हा गेला, कुणाला कळलंही नव्हतं. पोलीस येणार होते. बाकड्याचं तिकीट असलेली बाई जमिनीवर कशी, असं विचारलं तर नोकरी जाणार, वर खटला. रेवणसिद्धानं तिच्या मुठीतलं अर्धं तिकीट काढून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, बिनतिकिटाची घुसली होती.

तिसऱ्यांदा चुना आणला त्या दुपारी बाकीचे कामकरी भाकरी खायला गेले होते. कोंडीराम ब्रश धुता धुता म्हणाला, "मामा, एक बोलायचं राहून गेलंय. तिच्याकडं तिकीट न्हवतं, तरी तुमी तिला हाकललं न्हाय. सावलीला बसू दिलं. लई उपकार हायेत तुमचे..."

रेवणसिद्धाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला तिथं उभं राहवेना. मान खाली घालून त्यानं सगळं सांगून टाकलं.

कोंडीरामानं ब्रश ठेवला, डागावर तळवा टेकवला. म्हणाला, "अकरा वर्सं म्या तिला चोर म्हणलं, मामा. पोरीला आईचं नाव काढू दिलं न्हाय." मग हळूच, "हे चौघांत सांगा. ती चोर न्हवती, एवढंच. दुसरं काय बी नको."

"सांगतो... उद्घाटनाला सगळ्यांपुढं सांगतो."

उद्घाटन झोकात झालं. नानासाहेबांनी रेवणसिद्धाला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "मामा, दोन शब्द बोला." मागं दाराशी कोंडीराम पोरीला घेऊन उभा होता. पोर नवं लुगडं नेसली होती. रेवणसिद्ध उठला. समोर अख्खं गाव. ओळखीपाळखीचे, सोयरेधायरे, सगळे कौतुकानं बघत होते.

"नानासाहेबांचे आभार," एवढं म्हणून तो खाली बसला.

टाळ्या पडल्या. त्यानं पुन्हा दाराकडं पाहिलं, तर बापलेक निघून गेली होती.

निघताना तो जनान्यात डोकावला. भिंत कोरी पांढरी होती, डागाचा मागमूस नाही. क्षणभर त्याला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच शरम आली.

घरी पोचला तेव्हा त्याची बायको शिवकांता चुलीपाशी भाकरी थापत होती.

"आलात व्हय? बिचारी कवाची वाट बघत बसलीय."

"कोण?"

"टॉकीजवरची म्हणं. म्या म्हणलं, बाई, बाजंवर बस की. तर म्हणती, मामांनी सांगितल्याबिगर वर बसायचं न्हाय." शिवकांतानं हनुवटीनं भिंतीकडं खूण केली. "ती काय, हितंच हाय की."

तिथं कुणी नव्हतं. भिंतीवर, खाली बसलेल्या बाईच्या डोक्याइतक्या उंचीवर, हाताएवढा ओला डाग होता. करडीच्या तेलाचा वास घरभर पसरला होता.

रेवणसिद्धानं फेटा काढला. हात जोडले. ओठांतल्या ओठांत म्हणाला, "बस, बाई... वर बस."

शिवकांता भाकरी थापायची थांबली. भिंतीकडं बघून, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशी तिनं मान हलवली. मग ती त्याच्याकडं वळली.

"असं हळू नगं म्हणती. चौघांत म्हणा म्हणती."